पोरगं लहान आहे, त्याला काय कळतंय?

व्यसनावर प्रश्न पाठवा म्हटलं की निम्म्या पत्रांत शेवटी एक ओळ असते, 'मुलं लहान आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही.' म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सासरे प्यायचे, नवरा पितो. मुलगाही पिणार का? (शाहूपुरी)
पिणारच असं नाही. आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. पहिला घोट जितका उशिरा, तितका धोका कमी.

भाऊ पितो. लग्न लावून दिलं तर सुधारेल का? (कागल)
नाही. आधी उपचार करा, परक्याच्या मुलीला औषध समजू नका.

नवरा रोज पिऊन येतो, भांडतो, पण मुलाला कधी हात लावत नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला काय कळतंय? (कसबा बावडा)
ताई, सगळं कळतं. एवढ्याच वयाच्या एका पोराने मला सांगितलं होतं, 'पप्पांनी गाडी स्टँडला लावली की आवाजावरनं कळतं, आज किती पिऊन आलेत.' तो आवाज आला की ते पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घ्यायचं. रोज रात्री असं कान लावून पडणाऱ्या मुलाचं शरीर कायम सावध राहतं. शाळेत लक्ष लागत नाही, पोट दुखतं, आणि आपण म्हणतो पोरगं वांड आहे. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मित्राने बाटली पुढे केली, की ती धास्ती पहिल्यांदा घटकाभर शांत होते. तिथे दारूची चटक नसते, सुटका असते. म्हणून मग ती सोडवणं अवघड जातं.

१९९८ साली अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मारहाण, आईवरची हिंसा, घरातलं व्यसन अशा सात प्रकारांपैकी चार किंवा जास्त गोष्टी बालपणी भोगलेल्यांमध्ये मद्यासक्ती, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला.

पण हे विधिलिखित नाही. आजी, शाळेतल्या बाई, तालमीतले वस्ताद, कुणी एक मोठं माणूस भरवशाचं मिळालं तरी मूल सावरतं. त्याला आजच सांगा, 'पप्पा आजारी आहेत, हे तुझ्यामुळे झालेलं नाही.' त्याला मावा-बाटली आणायला पाठवत असाल तर ते आजपासून बंद. दहावी होऊ दे, मग बघू, असं करू नका. नवरा तयार नसला तरी तुम्ही आणि मुलगा समुपदेशकाला भेटा. मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा बघा.

भाजीत गुपचूप मिसळायची, दारू सोडवणारी पावडर मिळते. घालू का? (इचलकरंजी)
अजिबात नाही. 'रुग्णाला न कळता' ही जाहिरातच फसवी आहे. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि त्यावर तो प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर तपासून, रुग्णाची संमती घेऊन देतात. पैसे तर घालवालच, त्याला कळलं की तुमच्या हातचं जेवणही टाकेल.

वडिलांनी परवापासून दारू एकदम सोडली. हात थरथरतात, रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणतात. अंगारा लावलाय. (गडहिंग्लज)
अंगाऱ्याने हे थांबणार नाही. रोजची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम वाढतो, त्यात माणूस दगावतो. घरी दारू पाजून बघू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात आत्ता न्या, तिथून पाठवलं तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. शेवटचा घोट कधी घेतला, ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.