दुखणारी दाढ जागेवर, शेजारची गेली

परभणी जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंचं पत्र आहे. लांबलचक आहे, म्हणून गोषवारा देतो. पोळ्याच्या आठवड्यात त्यांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. दोन रात्री लवंग धरून काढल्या. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तिथल्या डॉक्टरांनी कोणती दाढ काढायची ते चिठ्ठीवर लिहून दिलं. पण खर्च जास्त सांगितला, म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन दाढ काढून घेतली. पंधराशे रुपये फोनपेने दिले, पावती मिळाली नाही. भूल उतरली तरी ठणका जसाच्या तसा. आरशात बघतात तर किडकी दाढ जागेवर आणि शेजारची गायब! जाब विचारला तर डॉक्टर म्हणाले, "तीही खराबच होती. आता हीपण काढून टाकू, हजार द्या." पुतण्याने आवाज चढवल्यावर सूर बदलला. आता म्हणतात, पंधराशे परत घ्या आणि 'माझी काही तक्रार नाही' या कागदावर सही करा. पुतण्याचं म्हणणं, सरळ पोलिसात जाऊ. ताई विचारतात, काय करू?

ताई, पहिली गोष्ट, त्या कागदावर सही करू नका. पैसे परत घ्यायला हरकत नाही, पण 'पूर्ण व अंतिम समाधान झाले' अशा वाक्याखाली तुमची सही गेली की उद्या ग्राहक आयोगासमोर तोच कागद डॉक्टरांचे वकील सगळ्यात आधी काढतील. मी त्यांचा वकील असतो तर मीही तेच केलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तुमच्या चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर 'एक्स्ट्रॅक्शन ४७' असं लिहिलंय, म्हणजे ४७ नंबरची दाढ काढणे. दातांच्या डॉक्टरांची ही भाषा समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण या आकड्यावर उभं आहे. पहिला चार म्हणजे खालचा उजवा भाग. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मोजायचा. आरशासमोर उभ्या राहा आणि खालच्या मधल्या दातापासून उजवीकडे बोट ठेवत मोजा. सहाव्या जागी खड्डा आणि सातव्या जागी किडकी दाढ असेल, तर काढायची होती ४७ आणि काढली ४६. पूर्वी त्या बाजूचा एखादा दात पडला असेल तर बोटाने मोजण्यात चूक होईल, पण एक्स-रेमध्ये होणार नाही.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या बहुतेक प्रकरणांत तज्ज्ञाचं मत आणता आणता पक्षकार दमतो. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी जोराचा ठणका लागला, ओठाला बधिरपणा राहिला, मुळाचा तुकडा आत राहिला, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना मी परत पाठवतो, कारण चांगल्या डॉक्टरच्या हातूनही असं होऊ शकतं. तुमचं तसं नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात सांगितलंय. एका दाढेऐवजी दुसरी काढली हे समजायला तज्ज्ञ कशाला हवा?

"तीही खराब होती" हा बचाव येणारच. समजा खराब असेलही. पण तुम्ही सांगितली होती ती दाढ वेगळी. एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला चालत नाही, जीव वाचवण्याची वेळ असेल तर गोष्ट निराळी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट म्हटलंय. दाढेपायी कुणाचा जीव तिथल्या तिथे जात नव्हता. डॉक्टरांनी थांबून विचारायला हवं होतं. तुम्ही लिहिता की आत जाताना एका छापील इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. त्या सहीला घाबरू नका. काय करणार ते समजावून न सांगता घेतलेल्या सहीला न्यायालयात फारसं वजन नसतं.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट, आणि हीच बहुतेक लोक चुकतात. तुमची ती किडकी दाढ म्हणजे तुमचा पुरावा आहे. ती काढली की 'आधी कुठली खराब होती' हा वाद कायमचा शिल्लक राहतो. म्हणून काढण्याआधी नव्या जागी एक्स-रे काढा आणि त्या डॉक्टरांकडून तारीख घालून चार ओळी लिहून घ्या: ४७ किडलेली, ४६ ची जागा रिकामी. मग लगेच उपचार करून घ्या. केससाठी दुखणं अंगावर काढू नका. पू होऊन गाल सुजला तर तो त्रास तुमचाच, आणि समोरचा वकील म्हणणार की यांनीच हयगय केली.

पहिल्या दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म आणि चिठ्ठी जपून ठेवा. दुसऱ्या दवाखान्याकडे तुमच्या केसपेपरची प्रत लेखी मागा, स्पीड पोस्टाने, पोच सांभाळून. रुग्णाला कागद द्यावे लागतात, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. दिले नाहीत तर तेही तुमच्याच पथ्यावर पडेल. पावती नाही याची काळजी सोडा. फोनपेमध्ये तारीख, वेळ, रक्कम आहे. पैसे कुणाच्या नावावर गेले ते मात्र नीट बघा. डॉक्टर स्वतः, त्यांची पत्नी की मेडिकलवाला? सही करा म्हणून आलेला व्हॉट्सॲप निरोप पुसू नका, आणि निकाल लागेपर्यंत मोबाइल विकू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, म्हणजे तुमचं काम परभणीतच होईल. मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असले की फी शून्य. मुदत दोन वर्षांची, दाढ काढली त्या दिवसापासून. पुढच्या पोळ्याला बघू असं करत बसू नका, मी दोन वर्षं आणि अकरा दिवसांनी आलेला माणूस पाहिलाय. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी वाट कळते.

मागायचं काय? सहाव्या जागेची दाढ म्हणजे भाकरी चावायची मुख्य दाढ. ती कृत्रिम बसवण्याचा खर्च दोन ठिकाणांहून लेखी घ्या. त्यात दिलेले पैसे, प्रवास, बुडालेले दिवस, झालेला मनस्ताप आणि दाव्याचा खर्च धरा. शेजारच्या कुणी पंधरा लाख मागा म्हटलं तर हसून सोडून द्या.

पुतण्याला सांगा, त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये दात तुटणं किंवा निखळणं ही गंभीर दुखापत धरली आहे. पण डॉक्टरवर फौजदारी करायला साधी चूक पुरत नाही, अत्यंत ढोबळ निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून चालत आलंय. ठाण्यात जाऊन हाती काही लागणार नाही, उलट गावात भांडण पेटेल.

याला अपवाद एकच, आणि तो तुमच्या पत्रातल्या एका ओळीत दडलाय. तुम्ही लिहिता, "पाटीवरच्या डॉक्टरसाहेबांनी नाही, आत जो पोरगा व्हता त्यानं काढली." हा पोरगा कोण? दंतवैद्य म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाने दाढ काढली असेल तर प्रकरण पालटतं. कायद्याने तो हा धंदाच करू शकत नाही, आणि मग पोलिसही ऐकतील, जिल्हा शल्यचिकित्सकही. म्हणून केसपेपर मागताना त्याच पत्रात 'दाढ कोणी काढली, त्यांचा नोंदणी क्रमांक काय' हेही विचारा. नोंदणी असलेल्याविरुद्ध महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडेही तक्रार करता येते, पण तिथे नोंदणीवर कारवाई होते, पैसे मिळत नाहीत.

उरलेली दाढ कुठे दाखवू, असंही तुम्ही विचारलंय. हा वकिलाचा प्रांत नाही, तरी सांगतो. पाटीवर नोंदणी क्रमांक असेल, काढण्याआधी एक्स-रे समोर धरून कुठली दाढ ते बोटाने दाखवत असतील, आणि मागितल्यावर कपाळाला आठी न घालता पावती देत असतील, तिथे जा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, परभणीहून मराठवाडा एक्स्प्रेसने जाता येतं. एवढं मात्र लक्षात ठेवा की सगळ्यांना मोफत असलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, केसपेपरचे पाच-दहा रुपये भरले म्हणून ती बसती होत नाही.

डॉक्टर उद्या खरोखर पंधराशे हातावर ठेवायला आले तर घ्या. पावती मागितली तर तुमच्या हाताने एवढंच लिहा: 'दाढ काढण्यासाठी दिलेले रुपये १५०० परत मिळाले. नुकसानभरपाई मागण्याचा माझा हक्क राखून.' खाली तारीख घाला आणि सही करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.