आशा असताना शोक करावा का?

प्रश्न : माझी आई गेल्या पावसाळ्यात वारली. दफनविधीच्या वेळी मला रडू आवरेना, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतील काही वडीलधाऱ्यांनी ‘विश्वासणाऱ्याने शोक करू नये’ असे बजावले. आई आता नेमकी कोठे आहे? शिवाय प्रभू येशूचे पुन्हा येणे अगदी जवळ आले आहे, असे एका सभेत ऐकल्यापासून धाकट्या भावाने शेतीकडे पाठ फिरवली आहे. त्याला काय सांगावे?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्यासारखेच प्रश्न थेस्सलनीका या ग्रीक शहरातील ख्रिस्ती मंडळीपुढे उभे राहिले होते. ही मंडळी स्थापणाऱ्या प्रेषित पौलाला विरोधामुळे ते शहर रातोरात सोडावे लागले आणि इ. स. ५० च्या सुमारास त्याने करिंथहून या नवख्या मंडळीला पत्र लिहिले. प्रभूची वाट पाहत असतानाच त्यांच्यातील काही जण मरण पावले होते, आणि मेलेले त्या दिवसाला मुकणार की काय, ही धास्ती मागे राहिलेल्यांना लागली होती. पौल त्यांना कळवतो की, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत उरलेले त्यांच्यासह प्रभूला भेटतील (१ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८). ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे तो म्हणतो. खेदच करू नका, असे म्हणत नाही. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५). आपल्याला बजावणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण वचन त्यांनी अर्धेच वाचले.

आई कोठे आहे, याविषयी शास्त्र मोजकेच बोलते. वधस्तंभावरील गुन्हेगाराला येशूने ‘आज’च सुखलोकाचे अभिवचन दिले (लूक २३:४३), आणि देह सोडून ख्रिस्ताजवळ असणे पौलाला अधिक चांगले वाटले (फिलिप्पै. १:२३). पुनरुत्थानापर्यंत मृत निद्रिस्त असतात, असे मानणारेही विश्वासणारे आहेत. माझे मत मात्र या दोन वचनांकडे झुकते. तथापि ख्रिस्ती आशा तेवढ्यावर थांबत नाही. आत्मा सुखरूप आहे एवढ्यावर समाधान मानायचे असते, तर पौलाने १ करिंथ. १५ हा सबंध अध्याय देहाच्या पुनरुत्थानासाठी खर्ची घातला नसता. आईचा जो देह आपण मातीत ठेवला, त्यालाही या आशेत वाटा आहे.

आता भावाविषयी. थेस्सलनीकातही काही जण कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करू लागले होते, आणि पौलाने कठोरपणे लिहिले की, ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये (२ थेस्स. ३:१०). लिहिणारा स्वतः तंबू बनवून पोट भरत असे. प्रभूच्या येण्याचा तो दिवस पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही (मार्क १३:३२), मग सभेतील वक्त्याला कोठून ठाऊक असणार? अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी त्या हंगामाचे पीक शेतातच राहू दिले. दिवस उलटला आणि पुष्कळांचा विश्वास खचला.

याउलट पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. वृद्धापकाळी आलेला हा घाव लहान नव्हता. तरीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी चालू ठेवले आणि एप्रिल १९२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपूर्वी ते पुरे केले. प्रभूच्या येण्यावर त्यांचा विश्वास आपल्या भावापेक्षा कमी होता, असे कोणी म्हणणार नाही.

भावाशी वाद घालू नये. थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन्ही पत्रे लहान आहेत. ती त्याच्यासोबत बसून सलग वाचावीत, आणि पाळकांनाही घरी बोलवावे. एक शंका मला येते : आईच्या जाण्याचे दुःख त्याने कोणापुढे बोलून दाखवले आहे का? आपल्याला जसे रडू नकोस म्हणून सांगितले गेले, तसेच त्यालाही सांगितले गेले असेल, तर आधी त्याविषयी बोलावे, शेतीचा विषय मागाहून काढावा.