ग्रुप मोठा झाला, उत्तरं देणारे कुठे गेले?

प्रश्न: ताई, आमचा केळीवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सुरुवातीला साठ-सत्तर जण होतो, सगळे बागायतदार. आता हजाराच्या घरात गेलाय. परवा मृगबागेतल्या (जून-जुलैत लावलेल्या बागेतल्या) पानाचा फोटो टाकला, पिवळे पट्टे पडलेत, तर एकाही शेतकऱ्याचं उत्तर नाही आणि औषधवाल्यांचे सात नंबर आले. ग्रुप सोडून देऊ का?
– एक बागायतदार, ता. रावेर

उत्तर: भाऊ, आधी बागेचं बघा. असे पट्टे म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणूरोग असू शकतो, पालच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्या. तोच निघाला तर विषाणूला बरं करणारं औषधच नाही, रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर जाळा नाहीतर गाडा, हा रोग पसरवणारी मावा कीड आवरा आणि बागेत काकडी-भोपळा लावू नका, त्यांच्यावरही हा विषाणू राहतो. तुमच्या जुन्या मंडळींनी हेच फुकट सांगितलं असतं, आणि त्या सात जणांना नेमकं हेच सांगणं परवडत नाही!

हे पहिल्यांदा होत नाहीये. इंटरनेटवर यूजनेट नावाचे चर्चागट होते, दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, गोंधळ घालायची, मग जुन्यांचं बघून शिकायची. १९९३च्या सप्टेंबरपासून नव्यांचा लोंढा थांबलाच नाही, शिकवायला उसंतच मिळेना, आणि १९९४च्या एप्रिलमध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डची (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची) जाहिरात हजारो गटांत टाकून दिली. गर्दी जमली की दुकान लागतंच.

व्हॉट्सअ‍ॅपने पण २०२२मध्ये ग्रुपची मर्यादा २५६वरून आधी ५१२, मग १०२४ केली. पण मला नव्या माणसांचा राग नाही, त्यांनाही शिकायचंच असतं. जुना माणूस गप्प होतो कारण समोर कोण आहे तेच त्याला कळत नाही, त्याने चार ओळी लिहिल्या की खाली लगेच तीन जाहिराती, मग तो कशाला लिहील? आणि अ‍ॅडमिन जाहिरातीचे पैसे घेत असेल तर गर्दी कमी करायला तो धजावतच नाही.

सोडू नका, बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव बघायला तो ग्रुप चांगलाय. प्रश्नांसाठी मात्र आसपासच्या गावातल्या तीस-चाळीस बागायतदारांचा वेगळा करा, औषध-खत विकणाऱ्याने सल्ला देताना तसं आधी सांगायचं, आणि औषधाचं नाव सांगताना ब्रँड नाही, आतला घटक सांगायचा. जे गप्प झालेत त्यांना लिंक पाठवू नका, संध्याकाळी बांधावर जाऊन बोलवा.