खाली सुबाभळीसारखी पानं, वर निलगिरीसारखी: कुंडीतलं हे ऑस्ट्रेलियन झाड कोणतं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नागपूरला गच्चीवर आठ इंची कुंडी, त्यात दोन फुटी रोप, नर्सरीतून 'निलगिरी' म्हणून आणलेलं. बुंध्याजवळ सुबाभळीसारखी बारीक पानं, वर लांब विळ्यासारखी. काटे नाहीत, वासही नाही. एवढ्यावरून ही निलगिरी नाही हे नक्की. ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पक्कं करणं अवघड नाही, एक पट्टी आणि एक भिंग पुरे.

खरा पुरावा त्या दोन तऱ्हेच्या पानांतच आहे. बी उगवल्यावर या बाभळीचं पहिलं पान पिसासारखं एकदा विभागलेलं असतं, पुढची दोनदा विभागलेली. नंतर पानाचा देठच रुंद आणि चपटा होत जातो आणि पर्णिका, म्हणजे विभागलेल्या पानातली छोटी छोटी पानं, गळून जातात. वर विळ्यासारखं दिसतं ते पान नाही, तो देठच आहे. त्याला फायलोड म्हणतात. खोडाच्या मधल्या भागात नीट शोधा. रुंद झालेला हिरवा देठ आणि त्याच्या टोकाला अजून लोंबणारी चिमुकली पर्णिका, असं एखादं अर्धवट पान बहुतेक सापडेल. सापडलं तर निलगिरीचा प्रश्नच मिटला, कारण निलगिरीत असं कधीच होत नाही. जुनी पानं गळण्याआधी फोटो काढून ठेवा, वर्षभरानंतर हा पुरावा उरत नाही.

अर्धवट पान नाही सापडलं तर वरचं एक फायलोड तोडून उजेडासमोर धरा. निलगिरीच्या पानात मधोमध एक शीर, तिला आडव्या उपशिरा आणि तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. पान चुरगळलं की वास येतो. फायलोडमध्ये तीन ठळक शिरा बुडापासून टोकाकडे उभ्या जातात, ठिपके नसतात. देठाजवळच्या कडेवर भिंगातून एक बारीकशी ग्रंथी दिसते, तीही पाहा. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या आहेत, एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. मोठ्या निलगिरीची पानंही तशीच असतात आणि बरेच जण तिथेच फसतात.

बाभूळ ठरली, आता कोणती? आपल्याकडे घोळ होतो तो मॅंजियमशी, म्हणजे अकेशिया मॅंजियम या दुसऱ्या बाभळीशी. रोपाच्या वरच्या भागातली, पूर्ण वाढलेली चार-पाच फायलोड मोजा. सुरुवातीची फायलोड आकाराने फसवी असतात, ती सोडून द्या. ऑरिक्युलिफॉर्मिसची साधारण १० ते १६ सेंमी लांब आणि १ ते ३ सेंमी रुंद, म्हणजे अरुंद आणि वाकडी. मॅंजियमची २५ सेंमीपर्यंत लांब आणि ३.५ ते १० सेंमी रुंद, चांगलीच पसरट, बहुधा चार मुख्य शिरांची. कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, मॅंजियमची धारदार तिधारी लागते. फूल आलं तर वादच नाही: ऑरिक्युलिफॉर्मिसचे तुरे पिवळे, मॅंजियमचे पांढरट. मापं मधलीच आली तर दोघांचा संकर असू शकतो, तेव्हा फुलाची वाट पाहिलेली बरी.

आपली हवा आणि मातीही ऑरिक्युलिफॉर्मिसकडेच बोट दाखवते. मॅंजियमला आम्लयुक्त जमीन आणि भरपूर पाऊस लागतो. विदर्भातली चुनखडीची काळी माती तिला मानवत नाही. ऑरिक्युलिफॉर्मिस उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियातली असली तरी मातीच्या बाबतीत फारशी चोखंदळ नाही.

कुंडीत नुसती काळी माती असेल तर ती बदला. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, उन्हाळ्यात माती भेगाळून कुंडीच्या काठापासून सुटते आणि ओतलेलं पाणी कडेने वाहून जातं. वरून माती ओली, आतला गोळा कोरडा! दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग शेणखत घ्या. कुंडी बदलण्याचं काम जून-जुलैत, पहिला चांगला पाऊस पडल्यावर करा, मे महिन्याच्या ४५ अंशांत मुळांना अजिबात हात लावू नका. त्या वेळी मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर रोग समजून काढू नका. त्या हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या आहेत. एखादी कापून पाहा, आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. म्हणूनच युरिया घालायची गरज नाही. निलगिरीच्या मुळांवर अशा गाठी नसतात, तेव्हा ओळखीचा हाही एक पुरावा झाला.

आठ इंची कुंडीत मूळ गोल फिरायला लागतं, ठेवायचंच असेल तर चौदा इंचीत हलवा आणि शेंडा छाटत राहा. जमिनीत लावणार असाल तर घर, कंपाउंडची भिंत आणि विजेच्या तारांपासून लांब लावा. झाड झपाट्याने उंच होतं, फांद्या ठिसूळ असतात, आणि मे-जूनच्या वादळात त्या मोडून पडतात.

तरी शंका राहिली तर तीन फोटो टाका: पट्टीशेजारी ठेवलेलं फायलोड, देठाजवळची ग्रंथी जवळून, आणि खोडाचा मधला भाग.