दानासाठी एक आणि न्यायासाठी दुसरा, असे दोन गट करू नका

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा घेतो: आपल्या चर्चमधील सेवाभावी गट दोन वर्षांपासून गरजू कुटुंबांना धान्य, कपडे आणि औषधांचा खर्च पुरवत आहे. नुसत्या वाटपाने परिस्थिती बदलत नाही, असे तरुण सभासदांना वाटते आणि म्हणून सामाजिक न्यायाच्या कामासाठी त्यांना स्वतंत्र गट हवा आहे. ज्येष्ठ मंडळींना मात्र तसे करणे म्हणजे चर्चमध्ये राजकारण आणणे वाटते. अशाच एका गटात मी अठरा वर्षे काम करत आहे आणि त्यांपैकी सहा वर्षे हिशेबही सांभाळला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, स्वतंत्र गट काढू नये.

आम्ही तो काढून पाहिला होता. वाटप करणारे महिनोन्‌महिने त्याच घरांत जात राहिले, पण ती घरे त्याच अवस्थेत का आहेत, हे विचारणे आपले काम नाही असे त्यांनी ठरवून टाकले, कारण त्यासाठी आता दुसरा गट होता. त्या दुसऱ्या गटात विषमतेवर उत्तम चर्चा झाल्या, निवेदनेही निघाली, पण त्यातील बहुतेकांची एकाही गरीब कुटुंबाशी नावानिशी ओळख नव्हती. दीड वर्षात तो गट आपोआप थंडावला. (निवेदनांची भाषा मात्र खरोखर चांगली होती, ती मीच लिहीत असे.)

आमचे डोळे उघडले ते एका घरामुळे. तेथे आम्ही सलग नऊ महिने धान्य पोहोचवत होतो. घरातील बाई साफसफाईच्या कामाला जात, हे आम्हांला ठाऊक होते, पण कामाची मजुरी हातात पडते की नाही, हे कोणी विचारले नव्हते. दहाव्या महिन्यात एका सभासद भगिनीने सहज चौकशी केली, तेव्हा कळले की मालकाने अनेक महिन्यांचा पगार थकवला आहे. म्हणजे बुडवलेल्या मजुरीची भरपाई आम्ही दानपेटीतून करत होतो, आणि वर त्या बाई आमचेच आभार मानत होत्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जगभरातील बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांच्या) प्रेषितकार्याविषयी, म्हणजे चर्चच्या कार्यातील त्यांच्या वाट्याविषयी, जो आदेश काढला, त्यात नेमकी हीच गोष्ट बजावलेली आहे: आधी न्यायाची मागणी पुरी झाली पाहिजे, जे हक्काने द्यायचे आहे, ते दान म्हणून पुढे करू नये. हे वाक्य मी पूर्वीही वाचले होते, पण त्या घराच्या संदर्भात ते पुन्हा वाचले तेव्हा आमचा नऊ महिन्यांचा हिशेब मला निराळाच दिसू लागला. आम्ही धान्य थांबवले नाही. मात्र त्याबरोबर एक सभासद त्या बाईंसोबत कामगार कार्यालयात जाऊ लागला, तक्रार लिहून झाली आणि थकलेली मजुरी हप्त्याहप्त्याने मिळाली.

न्यायाचे काम भेटीतून कसे निघते, ते यावरून लक्षात यावे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी 1833 मध्ये पॅरिसमध्ये जो उपक्रम सुरू केला, आणि ज्यातून पुढे संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था उभी राहिली, त्याचा कणा घरभेट हाच होता. ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबांच्या वस्तीत कसे जायचे, हे त्या तरुणांना शिकवले ते तेथे अनेक वर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. वस्तू चर्चच्या दारात रांग लावून वाटल्या असत्या, तरी पोट भरलेच असते. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला थकलेल्या पगाराविषयी कोणी विचारत नाही. म्हणून आपल्याकडे वाटप दारात होत असेल, तर सर्वांत आधी ते बंद करून दोघादोघांनी घरी जाण्याची पद्धत सुरू करावी.

दुसरी सूचना नोंदवहीची आहे. काय दिले, हे आपण लिहीतच असाल. त्याशेजारी ‘गरज का निर्माण झाली’ असा एक रकाना वाढवा. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांच्या चळवळीत पाहणे, पारखणे आणि कृती करणे अशी तीन पायऱ्यांची पद्धत रुजवली, आणि पोप तेविसावे जॉन यांनी 1961 च्या परिपत्रकात (पोपच्या अधिकृत शिकवणीच्या पत्रात) तिची शिफारस केली. त्यातील ‘पाहणे’ म्हणजे प्रत्यक्षात हा रकाना. सहा महिन्यांनी आम्ही तो एकत्र वाचला, तेव्हा बऱ्याच घरांच्या बाबतीत एकच कारण पुन्हा पुन्हा आढळले: सरकारी योजनेचा हक्क होता, पण एखादा दाखला नसल्यामुळे अर्ज अडकला होता. मग महिन्यातील एक रविवार उपासनेनंतर अर्ज भरून देण्यासाठी ठेवला. तो उपक्रम अजून चालू आहे आणि माझ्या मते आमच्या गटाचे सर्वांत उपयोगी काम तेच आहे.

आता राजकारणाच्या आक्षेपाविषयी. ज्येष्ठांची भीती अगदीच निराधार नाही; उमेदवाराचा प्रचार किंवा पक्षाची बाजू घेणे गटाने कटाक्षाने टाळलेच पाहिजे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या 2005 च्या पहिल्या परिपत्रकात ही रेषा स्पष्ट आखलेली आहे: चर्चने राज्यसंस्थेची जागा घेऊ नये, पण न्यायासाठीच्या धडपडीत तिने बाजूला उभेही राहू नये. ज्येष्ठांसमोर मी बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय ठेवीन. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर तेथे सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही; मंडळीने सात माणसे निवडली आणि वाटपाची व्यवस्थाच बदलली. वाटप न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न चर्चमध्ये पहिल्या पिढीतच विचारला गेला होता.

मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा, उघड किंवा सूचक, कधीही ठेवू नका. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांसाठी 1994 मध्ये जी आचारसंहिता तयार झाली, तिच्या पुरस्कर्त्यांत कारितास इंटरनॅशनॅलिस (कॅथलिक मदतसंस्थांचा जागतिक संघ) आणि जागतिक चर्च परिषद (अनेक पंथांच्या चर्चची संघटना) या दोन्ही संस्था होत्या. मदत धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी वापरली जाणार नाही, असे तिच्यात लिहिले आहे. वर उल्लेखिलेल्या 2005 च्या परिपत्रकाचे म्हणणेही हेच आहे. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये, हेही याच ओघात आले.

हिशेबाबाबत मी थोडा कडक आहे. पैसे नेहमी दोघांनी मोजावेत, ते दोघे एकाच घरातले नसावेत, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांना वाचता येईल असा लावावा; लाभार्थींची नावे मात्र त्यात येऊ देऊ नयेत. यात सभासदांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. यरुशलेमसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना संत पौलानेही मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतला होता, आणि त्याचे कारण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच दिले आहे: या मोठ्या रकमेच्या व्यवहारात कोणी आपल्यावर दोष ठेवू नये.

ज्येष्ठ सभासद दुरावतील, अशी चिंता आपण शेवटी व्यक्त केली आहे. आमच्याकडे न्यायाच्या कामाला सर्वाधिक विरोध करणारे गृहस्थ निवृत्त लिपिक होते. त्या बाईंबरोबर कामगार कार्यालयात जायचे ठरले, तेव्हा तरुणांपैकी कोणालाच कामाच्या दिवशी सुटी मिळेना. शेवटी हे गृहस्थच गेले, आणि पहिल्या खेपेनंतर ‘अर्ज नीट लिहिलेला नव्हता’ असे म्हणत त्यांनी माझा मसुदा फाडून नवा लिहिला. त्यानंतरच्या सगळ्या खेपा त्यांनीच घातल्या.