डाएट चालू असताना मधेच आवडीचं खाल्लं तर चालतं का?

प्रश्न : ताई नमस्कार. वय ३४, वजन ७८ किलो होतं, ऑफिसचं काम सगळं बसून. तीनेक महिने झाले डाएट करतेय, साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण हलकं, पाच किलो कमी झालंय. नवरा म्हणतो एवढं कडक कशाला, आठवड्यातून एक दिवस चीट डे ठेव, हवं ते खा, त्याने उलट मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जेचा खर्च, वाढतं. मैत्रीण म्हणते एक दिवस जरी सोडलंस तरी सगळी मेहनत पाण्यात. मागच्या रविवारी भाचीचा वाढदिवस होता, केकचा एक तुकडा खाल्ला, मग वाटलं झालंच आता, मोडलंच ना, म्हणून अजून दोन तुकडे, वर आइस्क्रीम, रात्री घरी येऊन चिप्सचं अख्खं पाकीट. सोमवारी वजन केलं तर दीड किलो जास्त. रडूच आलं. मग दोन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. आता नक्की कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी त्या दीड किलोचं बोलू, कारण सगळी धास्ती तिथूनच आलीय. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे रविवारी खरोखर दीड किलो चरबी चढायला तुम्हाला रोजच्या गरजेपेक्षा ११,५०० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, आणि केक, आइस्क्रीम, चिप्स सगळं धरूनही तुम्ही त्याच्या जवळपाससुद्धा गेला नाहीत. मग वजन कशाचं वाढलं, तर बहुतेक सगळं पाण्याचं. आपलं यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतात, अर्धा किलोच्या आसपास, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. डाएटमधे हा साठा थोडा रिकामा असतो (पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरतं ना, त्यातही मोठा भाग या पाण्याचाच असतो), मग एक दिवस गोड आणि पिठूळ भरपूर खाल्लं की तो परत भरतो, सोबत पाणी येतं, चिप्समधलं मीठ अजून थोडं पाणी धरून ठेवतं, आणि आदल्या रात्री खाल्लेलं पोटात असतंच. नेहमीसारखं जेवत राहिलं तर तीन-चार दिवसांत हे आपोआप उतरतं, त्यासाठी उपाशी राहायची काहीच गरज नव्हती. पाळीच्या आधीही असंच पाणी साठतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. रोज सकाळी वजन करत असाल तर आठवड्याची सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा, बस.

आता खरा मुद्दा. केकच्या पहिल्या तुकड्याने काहीच बिघडलं नव्हतं हो. तीनशे-चारशे कॅलरी, सोडून द्या. बिघडलं ते त्यानंतर मनात आलेल्या "झालंच आता" ने, आणि हे फक्त तुमच्याच बाबतीत होतं असं अजिबात नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला होता. चव कशी लागते ते सांगा असं सांगून काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही, आणि मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं चाखा म्हणून. ज्या मुली एरवी खाण्यावर फारसं बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोट भरलं होतं. पण ज्या सतत डाएटच्या विचारात असायच्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं की आधी दिलेल्या पदार्थात कॅलरी खरोखर किती आहेत यापेक्षा आपण खूप कॅलरीचं खाल्लंय असं त्या व्यक्तीला वाटतंय का, यावर पुढचं खाणं जास्त ठरत होतं. तुमच्या रविवारी अगदी हेच झालंय. साखर पूर्ण बंद म्हटलं की पहिल्या घासालाच नियम मोडतो, आणि एकदा मोडला की मग तिथे अडवणारं काही उरतच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आवडीचं खायला डाएटमधे जागा असलीच पाहिजे, पण ती आधी ठरवलेली असावी आणि एका पदार्थाची असावी, अख्ख्या दिवसाची नको. वेस्टेनहोफर या जर्मन संशोधकाने १९९१ मधे डाएट करणाऱ्यांचे दोन प्रकार मांडले, एक कडक, म्हणजे अमुक बंद म्हणजे बंद, आणि दुसरा लवचिक, म्हणजे सगळं थोडं थोडं चालतं, आज जास्त झालं तर पुढच्या जेवणांत सांभाळून घेऊ. लवचिक ताबा ठेवणाऱ्यांमधे अनावर खाण्याचे प्रकार कमी आणि वजनही कमी असतं असं त्याला आणि नंतर इतरांनाही आढळलं. यावरून नियम सैल केला की वजन उतरणारच असं सिद्ध होत नाही, पण इतकी वर्षं लोकांना डाएट करताना बघून मला हे अगदी पटलंय, जे वर्षभर टिकतात ते दुसऱ्या प्रकारातले असतात.

मग अख्खा दिवस का नको? साधा हिशोब करून बघा. समजा रोज ४०० कॅलरी कमी खाताय, आठवड्याची तूट झाली २,८००. एक दिवस पूर्ण मोकळा सोडला, सकाळपासून रात्रीपर्यंत, तर गरजेपेक्षा दीड-दोन हजार कॅलरी जास्त जाणं अजिबात अवघड नाही, तळलेलं आणि गोड असलं की कळतही नाही, कारण फॅटच्या एका ग्रॅममधे ९ कॅलरी असतात. सहा दिवसांचे २,४०० वाचवले आणि सातव्या दिवशी २,००० घातले, हातात राहिले ४००. आणि मग महिनाभराने म्हणायचं मी एवढं डाएट करतेय तरी वजन हलत नाही! याउलट एक दिवस फक्त एक पदार्थ, साधारण ४०० कॅलरीचा, रोजच्या खाण्याच्या वर खाल्ला तर २,४०० शिल्लक राहतात. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास चरबी उतरते, मन मारायला लागत नाही. मैत्रिणीला हा हिशोब दाखवा, एका दिवसात सगळी मेहनत पाण्यात वगैरे जात नाही.

नवऱ्यांचा मेटाबॉलिझमवाला मुद्दाही बघू. डाएटमधे लेप्टिन हे भूक आवरणारं हॉर्मोन कमी होतं, भूक वाढते, शरीर ऊर्जेचा खर्च थोडा कमी करतं, हे सगळं खरं आहे. पण एक दिवस भरपेट खाऊन ते सगळं पूर्ववत होत नाही. जास्त खाल्लं की पचवायलाही जास्त ऊर्जा लागते हे खरं, पण ती साधारण खाल्लेल्याच्या दहा टक्के. १,५०० कॅलरी जास्त खाल्ल्या तर १५० खर्च होतील, १,३५० राहतील. त्यामुळे चीट डे मजा म्हणून हवाय असं म्हणा, मला चालेल, पण त्याने वजन उतरायला मदत होते म्हणून नको.

करायचं कसं ते सांगते. आठवड्यातून एक-दोनदा, आणि जे तुम्हाला खरंच खूप आवडतं तेच, समोर आलं म्हणून काहीही नाही. वाढदिवसाला जायचंय हे आधी माहीत असतं, तर निघतानाच ठरवा की केक खाणार आणि चिप्स नाही (किंवा उलटं, तुमची आवड). उपाशीपोटी जाऊ नका, "संध्याकाळी खायचंय म्हणून दुपारी जेवले नाही" हा सगळ्यात वाईट सौदा, भुकेलं माणूस एका तुकड्यावर थांबूच शकत नाही. बसून, ताटलीत घेऊन, चवीने खा, मोबाइल बघत पाकिटातून नको. घरी मोठं पाकीट किंवा डबा आणून ठेवण्यापेक्षा एक माणसाला पुरेल एवढंच आणा किंवा बाहेर खाऊन या. आणि सगळ्यात महत्त्वाचं पुढचं जेवण, ते नेहमीचंच, नेहमीच्या वेळेला. कमीही नाही, वगळायचं तर नाहीच. रविवारच्या केकपेक्षा त्यानंतरचे तुमचे ते दोन उपाशी दिवस मला जास्त खटकले, कारण पुढच्या वेळच्या "झालंच आता" ची तयारी तिथूनच होते. आणि व्यायाम करून खाल्लेलं फेडायचंही नाही, चालायला जा, पण शिक्षा म्हणून नको.

प्रश्न : मला टाइप २ डायबिटीस आहे, गोळ्या चालू, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. वय ५१. मला एखाद्या दिवशी गोड चालेल का, की आमच्यासारख्यांनी विषयच सोडायचा?

उत्तर : विषय सोडायचा नाही, पण तुमच्या बाबतीत वजनाच्या आधी शुगर बघायची. गोड खायचंच असेल तर जेवणासोबत, थोडंसं, आणि त्या जेवणातला भात-पोळी-ब्रेड जे काय असेल ते तेवढं कमी करून. नुसतं गोड रिकाम्या पोटी खाल्लं की शुगर पटकन चढते, जेवणात प्रोटीन आणि भाज्या असतील तर चढण जरा सावकाश होते. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला, त्याचाही फायदा होतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी तपासा, कारण कुठल्या पदार्थाने तुमची शुगर किती वाढते हे तुमचा मीटर माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. गोड खायचंय म्हणून जेवण वगळू नका, काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने त्यात शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि गोड जास्त झालं म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका. तुमच्या गोळ्या नेमक्या कुठल्या आहेत ते पत्रात नाही, त्यामुळे किती आणि कधी हे डॉक्टरांनाच विचारा, लाजू नका, ते रोज ऐकतात हा प्रश्न.

प्रश्न : तुम्ही लोक म्हणता थोडंसं खा, पण मला थोडंसं खाताच येत नाही. सुरू केलं की पोट दुखेपर्यंत खाते, रात्री सगळे झोपल्यावर, लपून. नंतर इतकी लाज वाटते की उलटी काढते. आठवड्यातून दोन-तीनदा होतं. घरी कोणालाच माहीत नाही. वय २३. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

उत्तर : नाही. आणि तू हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तुला तू म्हणते, चालेल ना?

१९४४-४५ मधे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. स्वतःहून आलेली, निरोगी म्हणून निवडलेली मुलं, तरी काही महिन्यांत त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही उरलं नाही, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी खातच राहायचे. यात इच्छाशक्तीचा काय दोष? उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

पण तुझ्या बाबतीत गोष्ट डाएटच्या पुढे गेलीय. लपून खाणं, हातातून ताबा सुटल्यासारखं वाटणं, मग उलटी काढणं, आणि हे दर आठवड्याला होणं, हा उपचार असलेला आजार असू शकतो, आणि उपचाराने लोक बरे होतात. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम कमी होऊन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, दात झिजतात, त्यामुळे थांबून बघू असं करू नकोस. वजन कमी करायचा विचार सध्या पूर्ण बाजूला ठेव, वर मी पहिल्या उत्तरात जे हिशोब मांडलेत तेही तुझ्यासाठी नाहीत, कॅलरी मोजू नकोस, वजन करू नकोस. दिवसातून तीन वेळा जेवण आणि मधे काहीतरी, वेळेवर, भूक असो नसो. आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांकडे, आणि जे मला लिहिलंस ते शब्द न बदलता त्यांना सांग, बोलता आलं नाही तर हे पत्रच वाचायला दे. घरातल्या एका तरी माणसाला सोबत घे. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : सहा महिने डाएट करून थकलोय. १२ किलो उतरलं, अजून ८ बाकी. दोन आठवडे सगळंच थांबवलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि मला तर वाटतं थांबावंच. फक्त थांबायचं म्हणजे वाट्टेल ते खायचं नाही, आत्ताचं वजन जिथे आहे तिथेच राहील एवढं खायचं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांना दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे असं वजन राखणारं जेवण आलटून पालटून दिलं, त्यांचं वजन सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. नंतरच्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही, म्हणून ब्रेकने जास्त उतरेल अशी आशा धरू नका, पण थकवा गेला तर पुढचे ८ किलो करायला दम राहील. रोजच्या खाण्यात तीन-चारशे कॅलरीची भर घाला, ती मुख्यतः जेवणातच, व्यायाम चालू ठेवा. सुरुवातीला किलोभर वाढलेलं दिसेल, ते पाणी, वर सांगितलंच. आणि परत सुरू करायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, घरच्यांनाही सांगा.