मॅथकाउंट्सला पहिल्यांदा जातेयस? एवढं सांभाळ

मॅथकाउंट्स या अमेरिकेतल्या शालेय गणित स्पर्धेच्या चॅप्टर (म्हणजे स्थानिक) पातळीला सहावीतच निवड झाली, मनापासून अभिनंदन! दिवसभर फेऱ्या बघून दडपण येईल, पण सुरुवातीला लक्ष दोनच फेऱ्यांवर ठेव.

स्प्रिंट: ३० प्रश्न, ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. नवखी मुलं इथेच फसतात: सगळे ३० संपवायच्या घाईत पहिल्या पंधरांतले सोपे गुण घालवतात. शेवटचे प्रश्न खरंच अवघड असतात. पहिले २० नीट सोडव, मग पुढे बघ. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला रिकाम्या जागी अंदाजाने का होईना, काहीतरी लिही.

टार्गेट: दोन-दोन प्रश्नांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला ६ मिनिटं, कॅल्क्युलेटर चालतो. वेळ संपली की मागच्या जोडीकडे परत जाता येत नाही. एक जोडी बिघडली तर तिथेच सोडून दे. इथल्या प्रत्येक उत्तराला दोन गुण आहेत, म्हणून उरलेला वेळ पडताळणीला वापर.

सगळ्यात जास्त गुण जातात ते उत्तर लिहिताना:
- ६/८ नाही, ३/४.
- त्रिज्या विचारली की व्यास, हे पुन्हा वाच.
- उत्तर π मध्ये मागितलं असेल तर ३.१४ ने गुणू नकोस.

तपासतात फक्त उत्तराची जागा. कच्चं काम कितीही सुंदर असो.

टीम राउंडला चौघांत १० प्रश्न, २० मिनिटं. आधीच वाटून घ्या, नाहीतर चौघंही पहिल्याच प्रश्नावर बसतात.

काउंटडाउनचा, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या मुलांच्या झटपट तोंडी फेरीचा, विचार यंदा नको. जुन्या स्प्रिंट प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव आणि प्रत्येक चूक वहीत लिहून ठेव.